आजाऱ्याच्या उशाशी

घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं, की पहिला प्रश्न निघतो तो सोबतीचा. रात्री कोण राहणार? मग ज्याच्यामागं शेताचं काम कमी, त्याच्यावर ती पाळी येते. पिशवीत सतरंजी, तांब्या आणि दोन भाकऱ्या टाकून तो निघतो. तिथं जाऊन करायचं काय, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. मीही असाच एकदा बसलो होतो, आणि त्यात एक मोठी चूक केली. ती आधी सांगतो.

आमचे थोरले बंधू, दादा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. रात्री सिस्टर बजावून गेल्या, "आता यांच्या तोंडात काही घालू नका." पहाटे दादांना जाग आली. जन्मभराची पहाटेच्या चहाची सवय! म्हणाले, "अरे, घसा कोरडा पडलाय. घोटभर चहानं काय होतंय?" मलाही वाटलं, पोट कापायचं तर अंगात थोडी ताकद नको का? फाटकापाशी चहाची गाडी होती. तिथून अर्धा कप दुधाचा चहा आणून दिला.

आठ वाजता डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं नाही ना?" दादांनी माझ्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू! पण खरं ते सांगितलं. ऑपरेशन त्या दिवशी रहित झालं.

डॉक्टर रागावले, आणि मग त्यांनी कारणही समजावलं. जागेपणी अन्नाचा कण श्वासनलिकेत गेला तर आपल्याला ठसका लागतो आणि तो कण बाहेर फेकला जातो. पूर्ण भूल दिली, की हा ठसकाच निजतो. अशा वेळी पोटातलं दूध किंवा अन्न उलटून वर आलं, तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं. माणूस दगावतोसुद्धा. आता पाहा, मी शिक्षक. अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारीशेजारी फळ्यावर किती वेळा काढल्या असतील! पण त्या चित्राचा अर्थ मला अर्धा कप चहानं शिकवला. साधारणपणे दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी, आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. पण आपल्या रोग्याला किती वेळ, ते डॉक्टरांनाच विचारावं. चुकून काही दिलंच गेलं, तर ते लपवू मात्र नये.

दादांच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. मांडीचं हाड मोडलेलं. दिवसा चांगले बोलत, पण रात्र झाली की "बैल सुटले, बैल सुटले" म्हणून उठायला बघत, सलाईनची नळी ओढत. त्यांची सून पार भेदरून गेली. बाहेरचं काही लागलं म्हणून गावाहून अंगारा आणवायच्या बेतात होती. सिस्टरनं तिला समजावलं. म्हाताऱ्या माणसाला परक्या जागी, दुखण्यानं, तापानं, एखाद्या औषधानं किंवा झोपमोडीनं अशी भ्रांत पडते. ती येते आणि जाते. हे वेडही नव्हे आणि बाधाही नव्हे. पण डॉक्टरांच्या कानावर ते लगेच घालायला हवं, कारण आत काही नवीन बिघाड झाल्याची ती खूण असू शकते.

आणि इथं सोबत बसणाऱ्याचा खरा उपयोग. त्या सुनेनं आजोबांचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, बारीक दिवा राहू दिला, हात हातात धरला आणि दर वेळी शांतपणे सांगत राहिली, "मामंजी, आपण दवाखान्यात आहोत. आज गुरुवार आहे. बैल गोठ्यात बांधलेत." वाद नाही, दटावणी नाही. दिवसा त्यांना बोलतं ठेवायचं, म्हणजे रात्री झोप लागते. हे काम परक्या माणसाच्या हातून तितकं होत नाही, कारण आवाज ओळखीचा लागतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. रोग्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत. ज्याला आपणहून कूस बदलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. ती कशी बदलायची ते मात्र सिस्टरकडून शिकून घ्यावं. सलाईनच्या चाकाला हात लावू नये. सुईपाशी हात सुजला तर हाक मारावी. आणि दाराशी उभं राहून कुजबुजू नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यातही या कुजबुजीवर त्यांनी चांगलंच झोडपलं आहे. रोग्याला शब्द ऐकू येत नाहीत, पण ते आपल्याविषयीच आहेत एवढं त्याला कळतं.

सोबत्याच्याही पोटाचा आणि पाठीचा प्रश्न असतोच. गाडगे महाराजांनी तो ओळखला होता. जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी १९५४ साली मुंबईत धर्मशाळा बांधली. सगळीकडे अशी सोय नसते. म्हणून घरातल्या दोघांनी पाळ्या लावून घ्याव्यात. तीन रात्री जागलेला माणूस औषधाची वेळ हमखास चुकवतो.

दादांचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी पार पडलं. संध्याकाळी सिस्टरनं परवानगी दिल्यावर मी त्यांना बसतं करून चमचा चमचा पाणी पाजलं. दादा म्हणाले, "आणि चहा?" मी म्हटलं, "सिस्टरना विचारून येतो."