दिवा निवडताना वॅट नंतर बघा

संग्रहालयात जुनी पैठणी मांडायची, तर ती लोकांना नीट दिसली पाहिजे आणि तिचा रंगही उडता कामा नये. उजेडामुळे होणारं नुकसान साठत जातं, ते भरून निघत नाही. म्हणून कापड, कागद आणि जलरंगांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) मर्यादा पाळतात, तैलचित्रांसाठी २०० लक्सची. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. उजेड दुप्पट केला की हा आकडाही दुप्पट.

हॅलोजन एका वॅटमागे जेमतेम १५-२० ल्युमेन उजेड देतो, बाकी सगळी उष्णता. ती घालवायला एसीचं बिल वेगळंच! चांगला एलईडी १०० ल्युमेनच्या आसपास जातो, शिवाय त्यात अतिनील किरण जवळपास नसतात. २०१४ साली व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्येही सुमारे ७,००० एलईडी बसवले गेले.

पण एलईडी म्हणजे कुठलाही एलईडी नव्हे. पांढरा एलईडी बहुधा मुळात निळा असतो, वर पिवळसर फॉस्फरचा थर. स्वस्त दिव्यात लाल प्रकाश तोकडा पडतो आणि कुंकवी काठ मातकट दिसतात. तेव्हा खोक्यावर वॅटआधी सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पाहा. तो ९०च्या वर हवा, आणि लाल रंगाचा आर-९ हा आकडाही विक्रेत्याकडून मागून घ्या. लक्स-तास वाचवायला माणसाची चाहूल लागताच दिवा लावणारा सेन्सर बसवला तर उत्तमच. लक्समापक मात्र हवाच; डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका.