राइट ऑफ केलं म्हणजे माफ केलं का?

"बँकांनी इतके कोटी राइट ऑफ केले" अशी बातमी आली की टपरीवर चर्चा सुरू, बड्यांची कर्जं माफ झाली म्हणून. तसं नाही. आणि हा फरक कळला नाही तर तुमच्याच उधारीचे पैसे जातील.

राइट ऑफ म्हणजे येणं रक्कम वहीत बुडीत खात्यात टाकणं. सरकारी मराठीत निर्लेखन. माफ करण्याला इंग्रजीत वेव्ह म्हणतात (आपण उगाच त्यालाही ऑफ जोडतो). 2017 आणि 2019 ला महाराष्ट्रात शेतकऱ्यांना मिळाली ती माफी. राइट ऑफमध्ये वही बदलते, देणेकरी सुटत नाही.

समजा, एका केटररकडे तुमचे 18,000 रुपये अडकलेत. दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही. तरी ताळेबंदात ते येणं म्हणून उभेच, आणि त्यावर आधी दाखवलेल्या नफ्याचा टॅक्सही तुम्ही भरलेला. राइट ऑफ केलंत की त्या वर्षी तो खर्च धरता येतो. पण वहीत नोंद हवीच, नुसतं मनात सोडून चालत नाही. उद्या तो 10,000 देऊन गेला, तर ते त्या वर्षीचं उत्पन्न. बिलावर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही. आणि प्रिझम्प्टिव्ह स्कीममध्ये रिटर्न भरत असाल तर ही वजावट वेगळी मागता येत नाही, सीएला विचारा.

वसुली चालूच ठेवा. मालाच्या पैशासाठी दावा लावायला साधारण 3 वर्षं मिळतात. ती संपण्याआधी "एवढे देणं लागतो" असं त्याच्या सहीनं लिहून घेतलंत, तर मुदत नव्यानं मोजली जाते. लाजू नका, मागा.

बोलताना एक लक्षात ठेवा: 'राइट इट ऑफ' बरोबर, 'राइट ऑफ इट' चूक. माणसाबद्दलही वापरतात. 'डोन्ट राइट हिम ऑफ', म्हणजे त्याला आत्ताच मोडीत काढू नका.

आता उलट बाजू. तुमचं जुनं कर्ज बँकेनं राइट ऑफ केलं असेल, तर सिबिल रिपोर्टमध्ये तसा शेरा दिसतो आणि नवं कर्ज मागताना तोच आडवा येतो. मुद्रासाठी अर्ज करायच्या आधी रिपोर्ट काढून बघा. बाकी असेल तर भरा, आणि बँकेकडून नो ड्यूज लेखी घ्या.