नव्या घरामागे भाजीपाला लावायचाय? पहिल्या वर्षी माती पिकवा

नव्या बंगल्याचा किंवा रो-हाउसचा ताबा मिळाला की मागच्या मोकळ्या जागेत चार भाज्या लावायच्या, हे बऱ्याच घरांत आधीच ठरलेलं असतं. जूनचा पहिला पाऊस पडतो आणि नर्सरीतून टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं येतात. महिनाभर सगळं छान दिसतं. मग पानं पिवळी पडायला लागतात, वाढ खुंटते, पाणी साचून दोन-चार रोपं सडतात. शेवटी ‘आमच्या हाताला झाडच लागत नाही’ असं म्हणून त्या जागेवर फरशी घातली जाते.

बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, जमिनीचा असतो. आणि तो दुरुस्त करता येतो.

नव्या घराभोवतीची माती वेगळी का असते?

बांधकामाच्या वेळी पायासाठी खणताना वरची सुपीक माती निघून जाते, किंवा खालच्या मुरमाखाली गाडली जाते. त्यावर ट्रक आणि जेसीबी फिरतात, त्यामुळे जमीन दाबली जाते. काम संपल्यावर विटांचे तुकडे, प्लास्टर, सिमेंट असा राडारोडा तिथेच पसरून वर पातळसा मातीचा थर टाकला की जागा सपाट आणि स्वच्छ दिसते.

अशा जमिनीत तीन अडचणी असतात. दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि मुळं खाली जात नाहीत. सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो. आणि सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. सामू फार वाढला की जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर हे त्याचं लक्षण समजा. उलट, खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे.

घरच्या घरी काय तपासता येईल?

पहिली तपासणी सळईची. जमीन नीट भिजवा आणि दुसऱ्या दिवशी बांधकामातली उरलेली सळई हाताने दाबून पाहा. अर्धा फूटही आत जात नसेल, तर जमीन दाबलेली आहे.

दुसरी, निचऱ्याची. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. एकदा पाण्याने भरून जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते मोजा. साधारण १ ते ३ इंच उतरली तर निचरा ठीक. एक इंचही उतरली नाही, तर पावसाळ्यात रोपं बुडणार.

तिसरी, व्हिनेगरची. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत चुना आहे. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीतही हे दिसतं, त्यामुळे नेमकं कळण्यासाठी माती परीक्षण करून घ्या. जागेच्या चार-पाच ठिकाणची अर्धा फूट खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पुरते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात चौकशी करा. शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. तुम्ही त्यातले सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आधी पाहा. बहुतेक भाज्यांना ६ ते ७.५ सामू मानवतो.

वाफा कुठे करायचा?

भिंतीला लागून नाही. वाळवी लागू नये म्हणून अनेक नव्या बांधकामांत पायाजवळच्या मातीत कीटकनाशक सोडलेलं असतं, आणि ते बराच काळ टिकावं हाच त्यामागचा हेतू असतो. तिथे खाण्याची भाजी नको. शिवाय काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. पायाशेजारी रोज पाणी घातलं तर जोत्याला आणि भिंतीला तडे जाऊ शकतात. म्हणून जोत्यापासून निदान ४ फूट अंतर ठेवा. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे आहे तेही बिल्डरला विचारून घ्या, आणि त्यावर भाजी लावू नका.

मग ऊन पाहा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं ३-४ तासांत भागतं. ऊन वर्षभर एकाच जागी नसतं. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही १० फुटी भिंतीची सावली उत्तरेला सुमारे ९ फूट पडते. जूनमध्ये तीच जागा उन्हात असते. हिवाळी भाज्या घ्यायच्या असतील तर घराच्या उत्तरेची जागा टाळा.

माती कशी तयार करायची?

सुरुवात एकाच गादीवाफ्याने करा. रुंदी ४ फूट, लांबी १० फूट, उंची १ फूट. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. आधी खालची जमीन फूटभर कुदळीने मोकळी करून राडारोडा वेचून काढा, मग वर वाफा भरा.

या वाफ्यात ४० घनफूट माल बसतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे पाव ब्रास पोयटा माती आणि १५ घनफूट शेणखत पुरेल. अख्खा ब्रास मागवायची गरज नाही. माती घेताना ओलसर मूठ वळून पाहा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर माती चांगली. मळलेल्या कणकेसारखा चिकटला तर चिकणमाती जास्त आहे. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळपट, भुसभुशीत आणि शेणाचा वास नसलेलं हवं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते आणि रोपांची मुळं खाते.

जूनमध्ये या वाफ्यात भाजीऐवजी मूठभर ताग किंवा धैंचा पेरा. दोन्ही हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत साठवतात. पाणी साचणारी किंवा चोपण जमीन असेल तर धैंचा बरा. साधारण ४० ते ४५ दिवसांनी, फुलं येऊ लागताच, कापून मातीत गाडा आणि तीन-चार आठवडे कुजू द्या. राहायला दिवाळीत गेलात, तर तयार वाफ्यात सरळ पालेभाज्या लावा आणि ताग पुढच्या जूनसाठी ठेवा.

पहिली भाजी कोणती?

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर घ्या. मेथी २५ ते ३० दिवसांत उपटायला येते. पालक ३५-४० दिवसांत पहिल्यांदा कापता येतो आणि पुन्हा फुटतो. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन भाग करा, नाहीतर उगवण विरळ होते. सगळं बी एकदम पेरू नका. दर १० दिवसांनी वाफ्याचा एक भाग पेरलात तर एकाच आठवड्यात मेथीचा ढीग आणि नंतर महिनाभर काहीच नाही, असं होत नाही.

पाणी वेळापत्रकाने घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला आणि ओल लागत नसेल तरच पाणी द्या. उघड्या मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. ते हळूहळू कुजतं आणि त्याचंच खत होतं.

टोमॅटो, वांगी, मिरची दुसऱ्या वर्षी. ही तिन्ही एकाच कुळातली असल्याने तोपर्यंत दुसरा वाफा तयार करा आणि दरवर्षी त्यांची जागा बदला, म्हणजे मातीतले रोग साठत नाहीत. दुसऱ्या वर्षी सळईची तपासणी पुन्हा करा. सळई फूटभर सहज आत गेली, तर वर्षभराचं काम कामी आलं.