प्रमाणनाचे कर्तव्य : मिशिगनच्या निवडणूक-कायद्यातील तीन विशेषणे

भारतात लोकसभेच्या वा विधानसभेच्या मतदारसंघाचा निकाल निर्वाचन निर्णय अधिकारी घोषित करतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील व्यवस्था निराळी आहे. तेथील ८३ काउंटींपैकी प्रत्येकीत चार सभासदांचे पडताळणी-मंडळ असते. दोन प्रमुख पक्षांचे प्रत्येकी दोन सभासद त्यात येतात. मतदान-केंद्रांच्या आकड्यांचा मेळ घालून १४ दिवसांच्या आत निकाल प्रमाणित करणे, हे या मंडळाचे काम होय.

येथे प्रश्न उद्भवतो तो असा : प्रमाणित करणे म्हणजे निर्णय देणे, की झालेल्या निर्णयाची नोंद करणे? डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटीत मोडते, तेथील मंडळात १७ नोव्हेंबर २०२० रोजी समसमान मते पडून प्रमाणन अडले. काही केंद्रांवरील मतदारांच्या नोंदी आणि मतपत्रिका यांच्या संख्या जुळत नाहीत, हे कारण दाखविण्यात आले. त्याच रात्री पुन्हा मत घेऊन निकाल प्रमाणित झाला. तथापि शब्दातील संदिग्धता उघड झाली.

८ नोव्हेंबर २०२२ रोजी मतदारांनी संमत केलेल्या घटनादुरुस्तीने या कर्तव्याला तीन विशेषणे जोडली. पहिले 'मिनिस्टीरियल'. याचा मंत्र्याशी संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सेवक' असा असून, कायद्याने सांगितलेले तेवढेच करणे हा येथील आशय आहे. दुसरे 'क्लेरिकल', म्हणजे कारकुनी स्वरूपाचे. तिसरे 'नॉनडिस्क्रिशनरी', म्हणजे ज्यात स्वतःच्या विवेकाला वाव नाही असे. साहित्यात ही पुनरुक्ती दोष ठरली असती. कायद्यात ती पळवाट बुजविते. शिवाय हे कर्तव्य मंडळाप्रमाणेच प्रत्येक सभासदावर स्वतंत्रपणे लादलेले आहे. त्यामुळे बरोबरीच्या मतांची सबब उरत नाही.

असे असूनही मे २०२४ मध्ये डेल्टा काउंटीच्या मंडळात, तीन लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याच्या निवडणुकीनंतर, पुन्हा दोनास दोन मते पडली. राज्याने कायदेशीर कर्तव्याची जाणीव करून दिल्यावर काही दिवसांतच निकाल प्रमाणित झाला.

याचा अर्थ निकालाविषयी शंका घेता येत नाही असा नव्हे. तीसाठी फेरमोजणी व न्यायालय हे मार्ग आहेत. ज्याच्या हाती नोंदीची लेखणी आहे, त्याने न्यायाधीशाचे आसन घेऊ नये, एवढेच ही तीन विशेषणे सांगतात.