श्रवणयंत्राची निवड आणि वैद्यकीय तज्ज्ञांची भूमिका

वर्गात मागच्या बाकावर बसलेला विद्यार्थी 'सात' हा शब्द 'हात' असा ऐकतो व उत्तर भलतेच देतो. शिक्षक त्याला बेफिकीर समजतात, सोबती हसतात आणि तो हळूहळू बोलणेच सोडून देतो. अशा मुलाला किंवा घरातील वडीलधाऱ्या माणसाला ऐकू कमी येते हे एकदा लक्षात आले की घरचे लोक थेट दुकानात जातात आणि यंत्र विकत आणतात. काही आठवड्यांनी ते यंत्र कपाटात पडते. यंत्र चष्म्यासारखे विकत घ्यायची वस्तू आहे, हा समज त्याच्या मुळाशी असतो. म्हणून या कामी कोणाची कोणती जबाबदारी आहे हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांचे काम

बहिरेपण हा रोग नसून लक्षण आहे. त्याचे कारण शोधणे हे कान-नाक-घसा तज्ज्ञांचे काम होय. कानात घट्ट बसलेला मळ, पडद्याला पडलेले छिद्र, वाहणारा कान, मधल्या कानातील हाडांची साखळी ताठ होणे, या कारणांनी ध्वनी आतपर्यंत पोहोचत नाही. यांपैकी बऱ्याच विकारांवर औषध किंवा शस्त्रक्रिया हा उपाय असतो. मळ काढल्यावर ज्याला स्पष्ट ऐकू येणार आहे, त्याला यंत्र विकणे हा अन्यायच ठरेल. याउलट वय, सततचा गोंगाट किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे यांमुळे आतल्या कानातील सूक्ष्म पेशी नष्ट झाल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. तेथे यंत्राचाच आधार घ्यावा लागतो.

काही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. कान दुखणे, कानातून पू किंवा रक्त येणे, चक्कर येणे, एकाच कानाने कमी ऐकू येणे ही ती लक्षणे. एका कानाच्या बहिरेपणामागे क्वचित श्रवणनाडीवरील गाठही असू शकते. अचानक एका कानाचे ऐकू येणे बंद झाल्यास तर ती तातडीची बाब समजावी. त्यावरील स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता अधिक असते. तो काळ यंत्राच्या चौकशीत दवडला, तर गेलेले ऐकणे परत न येण्याचा धोका असतो.

श्रवणतज्ज्ञांचे काम

यंत्र आवश्यक ठरल्यावर श्रवणतज्ज्ञांचे, म्हणजे ऑडिओलॉजिस्टचे, काम सुरू होते. ते 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतच्या स्वरांवर दोन्ही कान तपासून आलेख काढतात. या आलेखाचे महत्त्व भाषेच्या शिक्षकाला सहज पटेल. स्वर हे खालच्या पट्टीत व जोरकस असतात, तर 'स', 'श', 'फ' ही व्यंजने वरच्या पट्टीत व क्षीण असतात. ज्याची वरची पट्टी गेली आहे त्याला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. सर्वच आवाज सरसकट मोठा करणारे यंत्र त्याला केवळ गोंगाट देते. म्हणूनच ज्या पट्टीत जेवढी उणीव तेवढीच भर, असे यंत्र जुळवावे लागते.

शब्द ओळखण्याची चाचणी मातृभाषेतच व्हायला हवी. उर्दू बोलणाऱ्याची चाचणी कन्नड शब्दांवर घेतली, तर दोष कानाचा की भाषेचा हे ठरणार नाही. त्यानंतर कानाचा साचा घेणे, यंत्र घालून पुन्हा मोजणी करणे व काही आठवड्यांनी जुळणी सुधारणे हे टप्पे येतात. साचा सैल असला की यंत्र शिटी वाजवते आणि माणूस ते काढून ठेवतो.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत वेळ फार मोलाचा असतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना हा मान्य दंडक आहे. कारण भाषा कानातून येते.

कायदा व संस्था

अमेरिकेत 1977 च्या नियमानुसार यंत्र घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अपेक्षित होती, मात्र प्रौढांना लेखी नकार देता येत असे. 2022 पासून तेथे सौम्य ते मध्यम बहिरेपण जाणवणाऱ्या प्रौढांना काही यंत्रे थेट दुकानात मिळतात. 18 वर्षांखालील मुलांना ही मुभा नाही, आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांचा इशारा वेष्टनावर द्यावाच लागतो. म्हणजे विक्री मोकळी झाली तरी डॉक्टरांची गरज संपलेली नाही.

आपल्याकडे 1965 मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था निघाली. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये राष्ट्रीय श्रवण संस्था स्थापन झाली. उस्मानिया व अलीगढ विद्यापीठांचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. तिचे एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबाद येथे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असलेल्यास ऐकू कमी येणारी व्यक्ती मानले आहे. 50 डेसिबल ऱ्हास असलेला विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही, परंतु वर्गात त्याची अडचण खरीच असते.

शिक्षकाला निदान करता येणार नाही व त्याने ते करूही नये. मात्र अशा विद्यार्थ्याला पुढच्या बाकावर बसवणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे आणि पालकांना दुकानाआधी डॉक्टरांकडे पाठवणे एवढे त्याच्या हाती निश्चित आहे. बेफिकीर ठरवलेला तो मुलगा कदाचित त्यानंतर प्रथमच प्रश्न नीट ऐकेल.