लेखकाचे हक्क सांभाळायचे कोणी?

गेल्या दिवाळीनंतर निपाणीजवळच्या एका खेड्यातील ताई आमच्याकडे आल्या. त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक होते. बारा कथांचे एक पुस्तक त्यांनी हयातीत पदरमोड करून छापले होते. त्यातील एका कथेवर मालिका करावी म्हणून एका संस्थेने विचारणा केली होती आणि सोबत दीड पानी करारपत्र पाठवले होते. पुस्तकातील सर्व साहित्याचे, सर्व माध्यमांतील, सर्व हक्क कायमचे देत आहोत, अशी त्यात एक ओळ होती. मोबदला एकरकमी. ताई म्हणाल्या, "वडिलांचं नाव टीव्हीवर येणार. मग सही करायला काय हरकत आहे?"

हरकत काय आहे, हे त्यांना समजावताना आमच्या लक्षात आले की हा प्रश्न सीमाभागातील अनेक घरांत कधी ना कधी येणार आहे. म्हणून हा लेख.

लेखकाचा एजंट म्हणजे काय?

इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये 'लिटररी एजंट' असतो. लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट यांनी हे काम सुरू केले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. भारतातही जयपूरची 'सियाही', 'रायटर्स साइड' अशा एजन्सी आहेत. निपाणीच्या वाचकांना अडत्या ठाऊक आहे. एजंटही विक्रीवर टक्केवारी घेतो, पण तो पूर्णपणे लेखकाच्या बाजूने उभा असतो. योग्य प्रकाशक शोधणे, करार वाचणे, रॉयल्टीचा हिशेब मागणे, अनुवाद, ऑडिओबुक, नाटक, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे विकणे ही त्याची कामे. त्यासाठी साधारण १५ टक्के, परदेशी व्यवहारात २० टक्के दलाली असते.

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांचा थेट व्यवहार हीच रूढ पद्धत आहे. त्याचे कारण हिशेबात आहे. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के रॉयल्टी धरली, तर हजार प्रती खपल्यावर लेखकाला ३० हजार मिळतात. त्यातले १५ टक्के म्हणजे साडेचार हजार रुपये. एवढ्यासाठी कोण वर्षभर खटपट करणार? त्यामुळे हे काम लेखकाने स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनी करायचे असते. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते आणि त्यांचे 'रावसाहेब'ही बेळगावचेच. त्यांच्या लेखनाच्या परवानग्या आणि हिशेब सुनीताबाई किती काटेकोरपणे पाहत, हे सर्वश्रुत आहे. एजन्सी नव्हती, पण एजन्सीचे काम घरात होत होते.

एक पुस्तक, अनेक हक्क

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. चंदगड तालुक्यातील कोवाडचे रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ ची. १९८७ साली तिच्यावर दूरदर्शनची मालिका आली आणि पुस्तक न वाचलेल्या घरांतही माधवराव-रमाबाई पोहोचले. त्यांच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीचा विक्रांत पांडे यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि तिच्यावर आधारलेला केतन मेहता यांचा 'रंगरसिया' हा चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला. देसाई यांचे निधन १९९२ साली झाले होते. म्हणजे लेखक गेल्यानंतरही लेखन नव्या माध्यमांत जाते, आणि त्या वेळी सही करायला वारस असतात.

छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ऑडिओ, नाट्यरूपांतर, मालिका, चित्रपट आणि प्रत्येक भाषेतील अनुवाद हे सगळे वेगळे हक्क आहेत. शेताच्या भाषेत सांगायचे तर एका हक्काची ठरावीक मुदतीची परवानगी देणे म्हणजे एक पट्टी खंडाने देणे, आणि 'सर्व हक्क कायमचे' लिहून देणे म्हणजे सगळ्या जमिनीचे खरेदीपत्र करून देणे. जमिनीच्या उताऱ्यावर आपण चारदा नजर टाकतो, वडिलांच्या पुस्तकाच्या कागदावर मात्र उभ्याउभ्या सही करतो.

सीमाभागात अनुवादाच्या हक्काला विशेष महत्त्व आहे. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पा, कारंत मराठीत आणले आणि 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, आणि ५० हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. मग आपल्या मराठी कथा कन्नडमध्ये आणि इंग्रजीत का जाऊ नयेत? पण त्यासाठी अनुवादकाला परवानगी देणारे कोणीतरी सापडले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क टिकतो. बेळगावात आयुष्य काढलेल्या इंदिरा संत २००० साली गेल्या. त्यांच्या कवितांचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत कष्टकऱ्यांचे जग लिहिणारे महादेव मोरे २०२४ साली गेले. त्यांचे लेखन २०८४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे स्पष्ट हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर तो परत येतो. मात्र 'कायमचे' असे लिहून सही केली, तर या पाच वर्षांच्या तरतुदीचा आधार राहत नाही.

घरी आजच करण्यासारखे

१. घरातील लेखकाची पुस्तके, दिवाळी अंकांतील कथा आणि अप्रकाशित वह्या यांची यादी करा. जुने करार, पत्रे एका फाइलमध्ये ठेवा.

२. लेखक हयात असतील तर मृत्युपत्रात लेखनाच्या हक्कांचा वेगळा उल्लेख करायला सांगा. चार वारस असतील तर परवानगी कोण देणार, ते लेखी ठरवा.

३. मागितला असेल तेवढाच हक्क, मुदत घालून द्या. लेखकाचे नाव ठळक यावे, ही अट घाला.

४. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि नीट समजत नसेल, तर जाणकार वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी येथे आपली साहित्य संमेलने भरतात, पुस्तके प्रकाशित होतात, टाळ्या मिळतात. त्या पुस्तकांचे पुढे काय, हाही विषय एखाद्या परिसंवादात घ्यावा, असे आम्हाला वाटते. १९८१ साली याच निपाणी परिसरातील शेतकरी तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर उतरले होते. आपल्या मालाचा भाव मागण्यात कमीपणा नाही, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही.

त्या ताईंनी अखेर कागद दुरुस्त करून परत पाठवला: एकच कथा, फक्त मालिकेसाठी, मुदत पाच वर्षे, वडिलांचे नाव प्रत्येक भागात. महिनाभर उत्तर आले नाही, तेव्हा आम्हालाही धाकधूक वाटली. मग होकार आला. पैसे वाढले नाहीत, पण उरलेल्या अकरा कथा घरातच राहिल्या. त्यांतील एक कन्नडमध्ये नेण्यासाठी आता त्या अनुवादक शोधत आहेत.