आईची हाक ओळखणारे पिल्लू

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सॅन मिगेल नावाचे एक बेट आहे. जून महिन्यात तेथील वाळूवर हजारो समुद्रसिंह एकत्र येतात. प्रत्येक मादीला एकच पिल्लू होते. सुमारे आठवडाभर ती त्याच्याजवळून हलत नाही. पुढे तिला अन्नासाठी समुद्रात जावेच लागते. दोन-तीन दिवसांनी परतल्यावर ती हाक मारते आणि त्या गजबजाटातून तिचेच पिल्लू उत्तर देत धावत येते. आवाजाने ओळख पटते, वासाने खात्री होते. मगच ती त्याला दूध पाजते.

मुलांना हा प्राणी ओळखायला शिकवताना कानांपासून सुरुवात करावी. सीलच्या कानांच्या जागी केवळ छिद्रे असतात. समुद्रसिंहाला मात्र बाहेर दिसणाऱ्या इवल्याशा कानपाळ्या असतात. मागचे पाय पुढे वळवता येत असल्याने तो जमिनीवर चालू शकतो. नावात सिंह असला तरी त्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो. नराचे वजन साडेतीनशे किलोपर्यंत भरते, मादीचे शंभर किलोच्या आसपास. अंधाऱ्या पाण्यात पोहून गेलेल्या माशाने उठवलेल्या लहरी त्याच्या मिशांना जाणवतात.

या मायलेकरांची ताटातूट लांबली की संकट ओढवते. २०१५ च्या सुमारास समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले आणि बेटांजवळ पुरेसे मासे मिळेनात. माद्यांना अन्नासाठी अधिक वणवण करावी लागली. हजारो उपाशी पिल्ले किनाऱ्यावर येऊन पडली. बचाव केंद्रांतील स्वयंसेवकांनी त्यांतील अनेकांना नळीने अन्न भरवून जगवले आणि पुन्हा समुद्रात सोडले.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने या प्राण्यांना संरक्षण दिले आणि त्यांची संख्या पुष्कळ वाढली. तरीही एक धोका कायद्याला रोखता आलेला नाही. मालाच्या खोक्यांना आवळलेली प्लॅस्टिकची पट्टी न कापता तशीच ओढून काढली, की तिचे कडे शाबूत राहते. असे कडे वाहत समुद्रात पोहोचते आणि कुतूहलाने त्यात डोके घालणाऱ्या पिल्लाच्या गळ्यात अडकते. पिल्लू वाढते, पट्टी वाढत नाही. ती हळूहळू मांसात रुतत जाते.

भारताच्या किनाऱ्यावर समुद्रसिंह नाहीत. अशा पट्ट्या मात्र प्रत्येक दुकानात, प्रत्येक गोदामात रोज सुटतात, आणि समुद्रात कासवे व इतर जीव आहेतच. टाकण्यापूर्वी पट्टीवर कात्री चालवायला एक क्षण पुरतो. हे काम घरातल्या लहानग्यांकडे सोपवावे. कारण विचारल्यास त्यांना सॅन मिगेलच्या त्या पिल्लाची गोष्ट सांगावी.